चादरीखालच्या पट्टीची तक्रार

मी चादरीखालची पट्टी बोलतेय. हो, तीच. काल सगळ्यांदेखत 'फालतू' म्हणून जिला खोक्यात कोंबलं ती!

दिसायला मी चपटी, लवचीक, शिंप्याच्या टेपेहून थोडी रुंद. अंगभर बारीक सेन्सर. मी तुकड्यातुकड्यांची आहे. टिचबटण लावावं तसे तुकडे जोडायचे आणि माणसाच्या उंचीप्रमाणे लांबी कमीजास्त करायची. मला नेमून दिलेलं काम एकच. अंथरुणाला खिळलेला माणूस फार वेळ एकाच अंगावर पडून राहिला, की बोंब मारायची.

या घरात मला बाबांसाठी आणलं. सुरुवातीचं कौतुक काय विचारता! मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाईल दाखवायचा. "बघा, बाबांची पाठ आता माझ्या खिशात."

मी बोंब मारली की मोबाईलवर लाल दिसे आणि कुणीतरी उठून बाबांची कूस बदले. आठवडाभर बदलली. मग "थांबा, एवढा फोन आटपू दे" सुरू झालं. सगळ्यांत जास्त भार कंबरेखाली, त्यामुळे तिथला माझा तुकडा मोबाईलवर दिवस दिवस लाल राहू लागला. मुलगा वैतागला, "हा तुकडाच बिघडलाय!" त्याने तो उपटून ड्रॉवरमध्ये टाकला आणि उरलेले एकमेकांना जोडून दिले. झालं, सगळं हिरवंगार! अहो, तो बिघडलेला नव्हता, तो एकटाच तर खरं बोलत होता.

बाबा म्हणायचे, "कंबर ठणकतेय रे. जरा वळव ना."

मुलगा मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढे धरायचा. "हे बघा, हिरवं आहे. तुम्हाला उगाच वाटतं."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण ओरडणार कशाने? ओरडणारा तुकडा ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात.

काल बाबांची लेक भेटायला आली. चादर बदलायला म्हणून तिने त्यांना वळवलं आणि ती किंचाळलीच. माकडहाडावर जखम झाली होती, चांगली खोल.

"अरे, बाबा काही बोलले नाहीत?"

"पट्टीने सांगितलंच नाही ना," मुलगा म्हणाला. "फालतू निघाली. परत करतो."

ऐकलंत? तिने विचारलं बाबांचं, याने खापर फोडलं माझ्यावर!

मला खुशाल परत पाठवा. दुसरी आणा, माझ्याहून महागडी आणा. पण जिवंत माणूस तोंडाने सांगत असताना त्याचं दुखणं पट्टीला विचारू नका. हात जोडता येत नाहीत, नाहीतर जोडले असते.

खोक्यातून मला शेजारच्या खोलीतलं ऐकू येतंय. लेक जखम पुसतेय, रडतेय. "बाबा, जोरात ओरडायचं ना हो!"

"मोबाईलवर हिरवं होतं गं," बाबा म्हणाले. "मग मलाही वाटायला लागलं, दुखत नसेल."