सुखरूप असल्याचा निरोप

सातपुड्यातल्या झाडांवर मी एक छोटं पुस्तक लिहिलं आहे. धुळ्याच्या वाचनालयात बसून, दुसऱ्यांची पुस्तकं वाचून लिहिलं. प्रकाशनाच्या दिवशी एका बाईंनी विचारलं, "अंजन वृक्ष तुम्ही कुठे पाहिलात?" मी पाणी प्यायलो. त्या वाट बघत होत्या, म्हणून पुन्हा प्यायलो. दुसऱ्या आवृत्तीच्या आधी एकदा तरी अंजनाखाली उभं राहायचं, हे त्या दिवशी ठरलं.

म्हणून बहात्तराव्या वर्षी मी शिरपूरच्या पुढे, योगराज नावाच्या वाटाड्याच्या जंगलभटकंतीत नाव घातलं. दोन मुक्काम. तिथे मोबाइल लागत नाही. योगराजकडे उपग्रहावरून निरोप पाठवणारं एक यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. त्याच्या सरकारी परवानगीचे कागद वेगळ्या पिशवीत होते आणि ती पिशवी यंत्रापेक्षा जड होती.

पहिल्या संध्याकाळी योगराज म्हणाला, "आबा, टाइप करायला वेळ लागतो. तयार निरोप आहे, बटण दाबलं की गेला."

तयार निरोप असा: 'मी सुखरूप आहे. काळजी करू नये.'

मला तो जरा ठाम वाटला. इतक्या खात्रीने मी कधी काही बोललेलो नाही. पण मागे सात जण रांगेत होते. मी म्हटलं, "दाबा."

आमच्याकडे वाईट बातमी कुणी सरळ सांगत नाही. माणूस गेलेला असला तरी फोनवर सांगतात, "बरा शे, काळजीनं काही नही, पन निघी या." हे मला त्या वेळी आठवलं नाही.

धुळ्याला काय झालं ते मुलाने, हितेंद्रने, नंतर सांगितलं. त्याने निरोप वाचून दाखवला तेव्हा माझी थोरली बहीण, भागाबाई अक्का, जेवत होती. तिने ताट सारलं.

"सत्तर वरीसमा एकदाबी बरा शे म्हनना नही तो. आज डोंगरमाईन म्हनस?"

"'करू नये' असं हे बोलतात का कधी?" माझी पत्नी, सुमनबाई, म्हणाली. "हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय."

हितेंद्रने उलट निरोप पाठवून विचारलं, "बाबा, खरं काय ते सांगा." मी यंत्रावरूनच उत्तर दिलं, "खरोखर काहीही झालेले नाही."

"व्हयनं," अक्का म्हणाली, म्हणजे झालंच काहीतरी, आणि पिशवी भरायला लागली.

सकाळी यंत्र वाजलं. 'आम्ही सगळे निघालो आहोत. तिथून हलू नका.'

अंजनाची टेकडी दोन तासांवर होती. बाकीचे बूट बांधून उभे होते.

"आबा, मग तुम्हाला इथंच थांबावं लागेल," योगराज म्हणाला. "ते आले आणि तुम्ही दिसला नाहीत तर काय समजतील? येतील ते घेऊनच जातील तुम्हाला."

"बरा आहे म्हणून पुन्हा कळवू का?"

"तिसऱ्यांदा?"

आमचा स्वयंपाकी वना चूल विझवत होता. तो म्हणाला, "घरी असतांना काय बोलतस तुमी?"

मी विचार केला. मग यंत्र मागून घेतलं आणि स्वतः टाइप केलं. दोनदा खोडलं. 'चहा गुळचट. सतरंजी पातळ. गुडघा रात्रभर दुखला. टोपी तुम्ही पिशवीत घातलीच नाही.'

योगराजने मोठ्याने वाचलं. वनाने विचारलं, "चहा गुळचट शे?"

"नाही हो, उत्तम आहे. घरच्यांसाठी लिहिलंय."

त्याने माझा अर्धा भरलेला कप उचलून नेला.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'टोपी खालच्या कप्प्यात आहे. नीट बघत जा. नरडाण्याहून मागे फिरतो.'

अक्का गाडीत म्हणाली होती म्हणे, "आते खरा बोलना. फिरावा." मग नरडाण्याला सगळ्यांनी भजी खाल्ली.

टेकडीवर पोचायला मला तीन तास लागले. योगराज एका झाडापाशी थांबला. उंच झाड, फांद्यांची टोकं खाली झुकलेली, आपट्यासारखी जोडपानं.

"हा अंजन."

मी बराच वेळ मान वर करून पाहिलं. खोडाला हात लावला. "असा असतो होय," मी म्हणालो.

"वाटेत चार अंजनांना टेकून बसलात तुम्ही, आबा."

मी टोपी काढून पुन्हा नीट घातली. मग म्हटलं, "घरी कळवू या का? अंजन दिसला म्हणून?"

"नको," योगराज म्हणाला. "चांगली बातमी आहे."

मी खाली पडलेलं एक पान उचललं, पिशवीतून माझं पुस्तक आणि छोटी पट्टी काढली आणि पान मापलं. पुस्तकात लिहिलं होतं तीन इंच. इथे दोनसुद्धा भरेना. आणखी दहा पानं मापली. मग पेन्सिलीने तीन खोडून दीड लिहिलं आणि खाली, बारीक अक्षरात, 'स्वतः पाहिले'.