मागून घेतलेली ओढ

पानशेत फुटलं त्या वर्षीच्या थंडीत सालोमी लग्न होऊन लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत आली. नवरा दानिएल इंजिनशेडमध्ये फिटर. बोलणं बेताचं, पण भाजी चांगली झाली की सांगितल्याशिवाय राहायचा नाही. एकच गोष्ट तिला उमगत नव्हती. हा माणूस रोज उजाडायच्या आधी मफलर गुंडाळून बाहेर पडे आणि डबा घ्यायच्या वेळेला परत येई. विचारलं, तर म्हणे, "जरा फिरून येतो."

कुरवंड्याहून दूध घालायला येणाऱ्या शालूबाईनं एक दिवस माप ओतता ओतता सांगितलं, "बाई, तुमचं मालक रोज आमच्या वाटंला आंब्याखाली बसल्यालं असत्यात. बिडी न्हाई, काय न्हाई. कुनाची तरी वाट बगत असल्यावानी."

"कुणाची?"

"ते मला काय ठावं? तुमीच इचारा की."

सालोमीच्या मनात नाही नाही ते आलं. दुसऱ्या दिवशी शाल घेऊन ती त्याच्या मागोमाग निघाली.

दानिएल खरंच आंब्याखाली बसला होता. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. हातात पवित्र शास्त्र नाही, गीतांचं पुस्तक नाही. बराच वेळ तो नुसता बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "देवा, आजही तुझी आठवण न येताच उठलो. माझ्या मनात तुझी ओढ घाल."

सालोमीच्या पायाखाली पाचोळा वाजला. त्यानं वळून पाहिलं. "अगं, तू? एवढ्या थंडीत?"

पकडली गेल्याची लाज वाटायच्या आधीच तिच्या तोंडून निघालं, "अहो, देवाला असं सांगतात का कुणी? आठवण आली नाही म्हणून?"

"मग खोटं सांगू?"

ती शेजारी टेकली. नगरच्या मिशन बोर्डिंगात ती वाढली होती. घंटा झाली की गुडघे टेकायचे, घंटा झाली की उठायचं. प्रार्थना तिला घडाघड येत होत्या. मनातून करावीशी वाटते का, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला नाही.

"बाप्तिस्मा घेतला तेव्हा येशूचं नाव घेतलं तरी डोळे भरायचे," दानिएल सांगू लागला. "मग नोकरी लागली, आणि ते कधी आटलं कळलंच नाही. रविवारी उपासनेला जायचो, गायचो, पण आत सगळं कोरडं. शेवटी म्हटलं, जे आपल्याजवळ नाही ते त्याच्याकडेच मागावं."

"मग दिलं?"

तो हसला. "कधी देतो. कधी नुसतीच थंडी वाजते. तरी येतो."

सालोमीला राहवेना. हे करून तर पाहू, म्हणून तो बाहेर पडला की ती मागच्या दाराच्या पायरीवर बसू लागली. घंटेशिवाय काय बोलायचं हेच सुचेना. तांदूळ निवडायचे राहिलेत, दूध उतू जाईल, असलंच काहीबाही डोक्यात येई. "देवा, मला काही वाटत नाही. वाटावंसं कर," एवढंच म्हणून ती उठे. काही घडत नव्हतं. पण उद्या काय होईल, ही उत्सुकता मात्र जाईना.

नाताळ तोंडावर आला तेव्हा नणंद मार्था देहूरोडहून पोरांना घेऊन पहाटेच्या गाडीनं उतरली. त्या दिवशी चूल, चहा, करंज्या, गप्पा; पायरीकडे जायला सवडच मिळाली नाही. घर हसण्यानं भरून गेलं होतं, आणि सालोमीला मात्र चुकल्यासारखं होत होतं. तिनं मीठ पाहिलं, पाण्याचे हंडे पाहिले, दोरीवरचे कपडे आत आणले. काही राहिलं नव्हतं.

करंजीचं सारण भरता भरता तिचा हात थांबला. आपण देवाकडे गेलो नाही! आणि त्याच्यावाचून आपल्याला करमत नाही?

तिला इतकं नवल वाटलं की ती हात पुसत तशीच उठली.

"वहिनी, कुठं निघालीस?" मार्थानं विचारलं.

"आलेच. माझं थोडं बोलायचं राहिलंय."

मागं पायरीवर ऊन आलं होतं. ती बसली. आज तिला शब्द शोधावे लागले नाहीत. आतून पोरं हाका मारू लागली, तेव्हा तिला उठवेना.