कानावर बसलेला माणूस

बापूरावभाऊ पाठमोरे उभे राहून चहा गाळत होते आणि मी व्हायब्राफोनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होते. वाजवायच्या दांड्या चुकीच्या उचलल्या गेल्या होत्या. लोकर गुंडाळलेल्या मऊ गोळ्यांऐवजी हातात कडक रबरी गोळ्या आल्या होत्या, आणि प्रत्येक सुराच्या तोंडाशी टक्क असा टोचणारा आवाज येत होता. आता ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते.

"आता कशी मऊ वाजून राह्यली," ते न वळता म्हणाले. "अशीच ठेव."

मला तो टोमणा वाटला. टोमणे मारण्यात भाऊंचा हात कोणी धरत नसे. मुंबईत हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये आणि पुढे सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी हे वाद्य वाजवलं होतं. म्हातारपणी ते ट्रकमध्ये घालून आरमोरीजवळच्या आपल्या गावी आणलं. मी आरमोरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांच्याखाली टांगलेल्या नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या, हे सगळं एकदा पाहायला म्हणून आले आणि शिकायला लागले. पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाले होते, "मॅडम, इथी पाठांतर चालत नाई. सूर तूच निवड, मंग त्याले निभावून ने."

मी वाजवणं थांबवलं नाही. फक्त गोळी पट्टीच्या टोकाजवळ, आतून दोरी जाते तिथे मारू लागले. तिथे सूर जवळजवळ निघतच नाही, नुसती टकटक होते.

"थांबली काऊन?" भाऊंनी विचारलं.

मी थांबले नव्हते.

पट्टीचा मूळ सूर त्यांना ऐकू येत होता. त्याच्या वरचं काही येत नव्हतं. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. ते इतके हळू जातात की माणसाला कळतही नाही, कारण बोलणं कळत राहतं आणि ओळखीच्या सुरांतली उणीव मन स्वतःच भरून काढतं. एरवी मी हे एक साधं निरीक्षण म्हणून सोडून दिलं असतं. पण मोहाचा हंगाम होता.

या गावात पहाटे बाया मोहफुलं वेचायला जंगलात जातात. वेचणारी बाई वाकलेली असते, नजर जमिनीला खिळलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून एक जण फुलं वेचत नाही. तो झाडाला टेकून बसतो आणि फक्त ऐकतो. वाघाच्या चाहुलीने चितळ ओरडलं की हाक देतो. त्याला कानावर बसणं म्हणतात. अख्ख्या बँडमधून कोणाचा एक सूर हलला ते सांगणारे कान गावात असताना दुसऱ्या कोणाला बसवायचा प्रश्नच नव्हता. बापूरावभाऊ बसले की बाया झाडांखाली निर्धास्त पांगत.

चितळाची धोक्याची हाक उंच असते, शिट्टीसारखी.

"भाऊ," मी म्हटलं, "गडचिरोलीला जाऊन कान तपासून येऊ."

"माहे?" ते खदखदून हसले. "मॅडम, तुले अजून ठोका सापडत नाई, अन माहे कान तपासते?"

मी दोरीवरची टकटक पुन्हा करून दाखवली. ते माझ्या हातांकडे पाहत राहिले. हसणं थांबलं.

"मोटरचा आवाज येते मधात," ते म्हणाले. वीज नव्हती. मोटर बंद होती. त्यांनी चहा माझ्यासमोर ठेवला आणि पट्ट्यांवर चादर ओढली.

जाताना अंगणात सत्यशीलाबाई भेटल्या. भाऊंची बायको. भाऊंना ऐकू येत नाही, असं मी त्यांना सरळ सांगितलं.

"आता समजलं का तुले?" त्या म्हणाल्या. "माहं तं लग्न झालं तवापासून नाई ऐकत!"

शेजारच्या रुखमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्या आणखी हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भाऊ आणि बायांबरोबर जंगलात गेले. भाऊ एका मोहाला टेकून बसले, डोळे मिटले. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाया टोपल्या घेऊन पांगल्या. सत्यशीलाबाई सगळ्यांत पुढे, नाल्याकडे. फुलं टपटप पडत होती. भाऊंची बोटं गुडघ्यावर कसलासा ठेका धरत होती.

मग नाल्याच्या बाजूने चितळ ओरडलं. लगेच दुसरं ओरडलं.

भाऊंची बोटं त्याच लयीत चालू राहिली.

मी उठून ओरडले. बाया टोपल्या टाकून धावत आल्या आणि एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. भाऊंनी डोळे उघडले. आधी माझं तोंड पाहिलं, मग बायांची.

"कुठून?" त्यांनी मला विचारलं. कानावर बसलेल्या माणसाने दिशा विचारली, हे सगळ्यांनी ऐकलं.

मी नाल्याकडे हात केला. सत्यशीलाबाई आल्या नव्हत्या.

"सत्यशीला!" भाऊ ओरडले. "ओ सत्यशीला!" नाल्यातून बारीकसं काहीतरी आलं, उत्तर असावं, पण ते त्यांच्या पुढच्या हाकेखाली गेलं. ते पुन्हा ओरडले. मध्ये श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. चितळं ओरडतच होती. सत्यशीलाबाई कुठे आहेत, उजवीकडे की पलीकडच्या काठावर, कोणालाच कळेना.

रुखमाबाईंनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"भाऊ, चूप बसा," त्या म्हणाल्या. "आमाले ऐकू द्या."

ते गप्प झाले. पलीकडच्या काठावरून हाक आली, स्पष्ट, चिडलेली: "अजी, आली ना! वरडता काऊन?" आम्ही सगळ्या एकदम तिकडे वळलो. भाऊ आमच्याकडे पाहत होते. आम्ही कुठे वळलो ते पाहून, सगळ्यांत शेवटी, तेही वळले.