दोराचे वळ

"आज तरी त्या मेलेल्या माणसाले मत नका देऊ, याडी," ओढणी सारखी करत बबितानं सासूला म्हटलं. "वार्डात मी उभी हाव. तुमची सून."

धनीबाई चपलेचा तुटलेला अंगठा शिवत बाजेवर बसली होती. "विठ्ठलरावाचा पोरगा उभा हाय. मले त्याच्यात त्याचा बापच दिसते."

"बापानं बोअर मारला. पोरानं काय केलं? नळ दारात आला, पानी कुठी हाय?"

"तुले तहान ठाऊक नाई, पोरी."

बबिता शाळेतल्या मतदान केंद्राकडे निघून गेली. तहान या शब्दावर त्या घरात कुणी वाद घालत नसे. दारव्ह्याजवळच्या त्या तांड्यात, एका जुन्या उन्हाळ्यात, धनीबाईची थोरली लेक बसंती वाटीवाटीनं पाणी भरायला विहिरीत उतरली होती आणि झाडाला बांधलेला दोर सुटला होता. तो धरायला वर कुणी नव्हतं. धनीबाई मजुरीला गेलेली. सांत्वनाला पुढारी पुष्कळ आले आणि गेले. विठ्ठलराव मात्र बोअरची गाडी येईपर्यंत तांड्यातच बसून राहिले. हापशाच्या पहिल्या पाण्यात हात बुडवून धनीबाईनं शपथ घेतली होती, की या माणसाच्या घराविरुद्ध मत देणार नाही. पुढे हापसा आटला. तरीही घरात आलेल्या पाण्यातली पहिली ओंजळ ती रोज त्या हापशाच्या ओट्यावर ओतत असे.

उन्हं कलल्यावर ती मतदानाला निघाली. वाटेत तीच विहीर. काठच्या बाभळीला दोर बांधलेला होता आणि तो हलत होता.

"कोन हाय खाली?"

"मी, दादी. खुशी. घरी थेंब नाई ना!"

नातीचा, बबिताच्या लेकीचा, आवाज तळातून आला. काठावर बसून धनीबाईनं दोराचा वेढा कमरेला घेतला, दोन्ही हातांनी तो आवळून धरला.

"भर, छोरी. सावकाश भर. मी धरून हाव."

खुशी वर आली, तेव्हा शाळेपुढे रांग अजून होती. धनीबाई तिकडे बराच वेळ पाहत राहिली. मग कळशी डोक्यावर घेऊन ती घराकडे वळली.

तिन्हीसांजेला बबिता परतली. "याडी, तुमचं बोट कोरंच?"

"तुले सोडायले मन होये ना. विठ्ठलरावाले पाडायलेही होये ना."

"मंग केलं काय तुमी?"

धनीबाईनं तळहात पुढे केले. बबितानं लालभडक वळ पाहिले, खुशीचे चिखलानं माखलेले पाय पाहिले, कळशीतलं गढूळ पाणी पाहिलं, आणि ती उंबऱ्यातच खाली बसली.

धनीबाईनं कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि ती हापशाकडे चालू लागली. सोललेल्या बोटांची ओंजळ नीट मिटत नव्हती. ओट्यापाशी पोचेस्तोवर तिच्या हातांत नुसती ओल उरली होती. तिनं तीच ओट्याला पुसली.