दत्तोबा गुळव्याची बोटं

या, असे पुढे सरका. बुवा अजून हातपाय धुताहेत, पखवाजाला कणीक लागायची आहे. तेवढ्यात एका माणसाची गोष्ट सांगतो. हसाल, एवढा शब्द देतो. पुढचं माझ्या हाती नाही.

छत्तीस सालची थंडी. इंदापूरकडे, बावड्याच्या शिवारात, सर्जेरावांचं गुऱ्हाळ लागलं होतं. मी चरकावर बैल हाकीत होतो. बनाबाई चरकात ऊस सारायची. कुंडलिक चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडांचा जाळ घालायचा. आणि आम्हा सगळ्यांवर दत्तोबा गुळव्या. काहिलीतला रस आटून त्याचा गूळ कधी झाला, हे ठरवणारा तो. त्याने ‘उतरा’ म्हटल्याशिवाय काहिलीला कुणी हात लावायचा नाही. मालकानेसुद्धा नाही. गुऱ्हाळाची रीतच ती.

दहा माणसं, अर्धी झोप, अंगाला चिकट, भांडणं व्हायचीच. एकदा बनाबाई माझ्यावर उखडली, “बैल हाकतुयास का नवरदेव मिरवतुयास?” मी उलटून बोलणार, तोच दत्तोबा मध्ये.

“बने, त्याला सोड, माझं आयक. मी नवा गुळव्या झालो तवा ऐटीत मागं सरत गेलो, आन् गूळ गार करायच्या वाफ्यात बूड टेकलं. धरलं की गुळानं! चौघांनी वढलं, तर मी बाहीर आन् धोतर आत. घरी गेलो तर बायकू म्हनली, लगीन झाल्यापास्नं आज पैल्यांदा गोड दिसलासा!”

बनाबाई पदर तोंडाला लावून हसली. भांडण कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्याची टर त्याने कधी उडवली नाही. हसू आणायचं ते आपल्याच अंगावर. म्हणून त्याचा शब्द झेलायला आम्ही धावत असू.

पण त्या साली दत्तोबा बसेना. काहिलीभोवती फेऱ्या. घडीत चुलवाणाशी, घडीत चरकाशी, पुन्हा काहिलीशी. पूर्वी बोटं ओली करून पाकाचा थेंब घ्यायचा, तांब्यातल्या पाण्यात बुडवून त्याची गोळी वळायचा, आणि लगेच सांगायचा. आता गोळी वळायचा, पुन्हा वळायचा, दाताखाली धरायचा, काहिलीच्या काठावर आपटून कान द्यायचा. आणि मध्येच काहीतरी बोलून आम्हाला हसवायचा. आम्हाला वाटे, म्हातारा रंगात आलाय.

एका दुपारी दुसरं आधण, म्हणजे रसाची दुसरी काहील, चुलवाणावर चढलं होतं. कुंडलिकने मान वर केली.

“आबा, वास बदलला. उतरायचं का?”

“थांब रं.”

दत्तोबाने गोळी वळली. पुन्हा वळली.

“आबा, करपतंय.”

“थांब म्हनलं न्हवं! तुझं नाक काय, जळनाचा वास बी गुळाचा वाटतुय त्याला.”

आम्ही हसलो. कुंडलिक पुन्हा जाळाकडे वळला. मग ‘उतरा’ म्हटल्यावर काहील वाफ्यात उलटली, तर गूळ डांबरासारखा काळा.

सर्जेराव धावत आले. वाफ्यात पाहिलं आणि थेट कुंडलिकवर गेले. “जाळ कुनी भडकावला? आं? ऊठ हितनं. वळकटी बांध. नदीकाठच्या एकाबी गुऱ्हाळावर तुला उभं ऱ्हाऊ देनार न्हाय!”

आधण जाळलं असा बोभाटा झाला की जाळ घालणाऱ्याला कुणी दारात घेत नसे. कुंडलिकच्या घरी महिन्याची बाळंतीण. तरी तो ‘आबांनी थांबवलं’ म्हणाला नाही. अंगावरची राख झटकत राहिला.

सगळ्यांचे डोळे दत्तोबाकडे. तो पुढे आला.

“सर्जेराव, गूळ काळा झाला म्हनून काय झालं? माझ्या रंगाचा हाय. लेक म्हनून घरी न्हेतो.”

सर्जेरावांना राग आवरता आवरता हसू फुटलं. आम्ही तर खोखो हसलो. तिथे विषय मिटला असता बघा. म्हातारा सुटला असता, आणि ठपका तेवढा कुंडलिकच्या कपाळी राहिला असता.

दत्तोबा मात्र हसत नव्हता. त्याने पागोट्याचा शेव सोडून डोळ्यांवर बांधला आणि दोन्ही तळवे पुढे केले.

“बने, येका हातावर गुळाची गोळी ठिव. दुसऱ्यावर तेवढाच दगूड.”

बनाबाईने ठेवलं. त्याने बोटांनी चाचपलं. किती वेळ चाचपलं! मग उजवा हात वर केला. “हा गूळ.”

उजव्या हातात दगड होता.

एकजण हसला आणि लगेच थांबला.

“चाळीस वरीस पाकात बुडवली,” शेव सोडत दत्तोबा म्हणाला, “बोटं मेली माझी. दसऱ्यापास्नं ठावं हुतं मला. तुमी हसला की माझ्या हाताकडं बघत न्हाय, म्हनून हसवीत ऱ्हायलो. आधान मी जाळलं, सर्जेराव. त्या पोरानं दोनदा सांगितलं हुतं.”

सर्जेराव खाली बघून म्हणाले, “आबा… मग आता पुढचं आधान कोन उतरवनार?”

दत्तोबाने पाण्याचा तांब्या उचलला आणि कुंडलिकच्या हातात दिला. मग गुडघ्यावर हात टेकत चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन बसला, कुंडलिकच्या जागेवर. चिपाडांचा भारा ओढला.

संध्याकाळच्या आत तिसरं आधण तयार होत आलं. जाळासमोरून म्हाताऱ्याने हाक दिली, “कुंडलिकराव, जाळ वाढवू का?”

कुंडलिकने पाकाचा थेंब तांब्यात बुडवला. गोळी बोटांत वळत तो कसाबसा म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, आबा. उतरा.”

गूळ केशरी झाला.

वाफ्याची गोष्ट दत्तोबाने त्यानंतरही सांगितली. आम्ही हसलो, पण आता सगळे त्याच्या हातांकडे बघत होतो, आणि त्याने ते लपवले नाहीत.

उठले बघा बुवा. कीर्तन संपल्यावर प्रसादाचा गूळ हातावर येईल. तोंडात टाकण्याआधी तो जरा बोटांत फिरवा. टणक लागला, खरखरीत लागला, तर तुमच्या बोटांना अजून कळतंय. तेवढ्यापुरती दत्तोबाची आठवण काढा.