हद्दीपलीकडचं पाणी

माझी थोरली बहीण झेलिया रागावली की आवाज चढवत नाही, शब्द तोडून तोडून बोलते. त्या दिवशी फोनवर तिचं तसंच चाललं होतं.

"एदना. तू. सुनावणीला. ये."

मी राहते मेनमध्ये, फंडीच्या आखाताच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावर. नवरा शेवंडांचा व्यापारी, आणि धक्क्याला लागून माझी खानावळ. झेलिया माहेरच्या मुलखातच राहिली, समोर कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात. भरती-ओहोटीचं पाणी कुठे किती चढेल, कसं वाहील, याचं मॉडेल संगणकावर मांडणं हे तिचं काम. या आखातात पाणी चार-चार मजले चढतं, त्यामुळे तिकडे या विद्येला कामाचा तोटा नाही.

आखाताच्या एका फाट्यावर भिंत घालून वीज काढायची, असं एका कंपनीनं ठरवलं होतं. भिंतीमुळे पाण्याचं काय होईल ते सांगायचं काम झेलियाच्या ऑफिसकडे आलं. ती माझ्याकडे आली होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, "म्हणजे अख्खा समुद्र त्या डब्यात कोंबतेस?"

"अख्खा मावत नाही गं. कुठेतरी हद्दीची रेघ मारावी लागते. त्या रेघेवर पाण्यानं किती चढायचं ते आपणच ठरवून द्यायचं. आतलं पाणी स्वतःचं स्वतः वागतं, रेघेवरचं मात्र हुकमाचं ताबेदार."

"मग मार की कुठेही."

"कुठेही कशी? भिंतीची खबर पोचणार नाही इतक्या लांब हवी. जवळ मारलीस तर तिथलं पाणी भिंतीमुळे वाढायला पाहिजे असलं तरी वाढणार नाही. आपणच त्याच्या डोक्यावर हात ठेवलेला!"

तिचा साहेब ग्रेगर रदरम यानं रेघ आखाताच्या तोंडाशीच मारायला सांगितली होती. झेलियानं तीही मारली, आणि दुसरी पार बाहेर, उथळ समुद्र संपून खोल महासागर लागतो तिथे. जवळच्या रेघेनं उत्तर आलं : भिंतीबाहेर फरक शून्य. लांबच्या रेघेनं आलं : भिंतीमुळे आखात आखूड होतं, झोक्याला नेमका वेळेवर धक्का बसावा तसं पाणी आणखी उंच झुलतं, आणि समोरच्या मेनच्या किनाऱ्यावर भरती वीतभर वाढते.

वीतभर! उधाणाला आमच्या धक्क्याच्या फळ्या आत्ताच ओल्या होतात.

ती उत्तर घेऊन ग्रेगरकडे गेली. तो म्हणाला, "अगं, मेन हा दुसरा देश आहे. आपल्याला काम दिलंय ते या किनाऱ्याचं."

"पाण्याला पासपोर्ट लागत नाही, ग्रेगर."

"तुला सगळ्या जगाची काळजी. आखातातली मोजलेली भरती आपल्या मॉडेलशी तंतोतंत जुळते, अजून काय पाहिजे?"

"आज जुळणारच. आज भिंत कुठाय?"

तो हसला म्हणे. तिनं त्याच दिवशी नोकरी सोडली. पण अहवाल गेला तो जवळच्या रेघेचा, आणि पहिल्या पानावर नाव झेलिया मेलान्सनचं. म्हणून तो फोन.

भिंतीला परवानगी द्यायची का, याची सुनावणी झेलियाकडे, गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. मी रापी पायचं, म्हणजे किसलेल्या बटाट्यांच्या आमच्या माहेरच्या पदार्थाचं, भांडं मांडीवर धरून मागे बसले. सगळं संपल्यावर बहिणीला काही खायला घालावं एवढाच माझा विचार. ग्रेगरनं पडद्यावर निळा नकाशा लावला आणि गोड आवाजात सांगितलं, "भिंतीबाहेरच्या पाण्यावर कोणताही परिणाम नाही."

झेलिया उठली. सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही तर अहवालाच्या लेखिका. मग प्रश्न कसला विचारताय?"

"नाव माझं आहे. रेघ माझी नाही." ती ग्रेगरकडे वळली. "या निळ्या रंगाच्या कडेला पाणी किती चढतं, हे कुणी ठरवलं?"

"मोजलेल्या भरतीवरून घेतलं."

"भिंत नसताना मोजलेल्या. भिंत घातल्यावर बदललंत?"

"तशी पद्धत..."

"हो की नाही?"

"नाही."

"म्हणजे पाण्याला आधी सांगितलंत, जागचं हलू नकोस. मग त्यालाच विचारलंत, हललंस का? आणि नाही म्हणालं म्हणून आम्हाला सांगायला आलात!"

हॉलमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसलं. झेलिया नाही हसली. तिची मान लाल झाली होती. "माझी बहीण पलीकडच्या किनाऱ्यावर राहते. ती मागे बसलीय. तिला तोंडावर सांगा, की तू आमच्या नकाशात नाहीस."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ग्रेगरनं मात्र पडद्याकडेच पाहिलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की ते भांडं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

अध्यक्षबाईंनी हद्द खोल समुद्रात नेऊन सगळं गणित पुन्हा करायला लावलं. ते काम दुसऱ्या एका ऑफिसनं केलं. उत्तर झेलियाचंच आलं, वीतभर. भिंतीला परवानगी मिळाली नाही. मेनच्या लोकांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरलं.

आम्ही जिंकलो असं मला वाटलं. निकाल वाचून मी तिला फोन केला, तर पलीकडून पुन्हा तेच तोडलेले शब्द.

"शेवटचं. पान. वाचलंस?"

वाचलं. त्यात ग्रेगर रदरम यांच्या ऑफिसचे आभार मानले होते, 'हद्दीचा महत्त्वाचा प्रश्न वेळीच पुढे आणल्याबद्दल'.

"झेलिया, जाऊ दे गं. पाणी तर थांबलं ना?"

"पाणी थांबलं," ती म्हणाली. "मी नाही थांबत."

आणि अध्यक्षबाईंना फोन लावायला तिनं माझा फोन खाडकन ठेवून दिला.