थांबा-पाटीच्या पोटात दुखले

मित्रांनो, माझ्या अंगावर एकच शब्द लिहिलेला आहे : ‘थांबा’. शाळेसमोरच्या चौकात गाड्या अडवणारी मी जुनी पाटी. पत्र्याची, गोल, ताटाएवढी. माझा लाल रंग आता विटला आहे आणि कडेला गंज धरला आहे. माझ्या कहाणीत मला लाज वाटावी असेही काही आहे. तेही लपवणार नाही.

आमच्या चौकात पूर्वी सिग्नल नव्हता. एकदा तिसरीतली एक मुलगी रस्ता ओलांडताना स्कूटरखाली आली. जीव वाचला, पण पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता. कोपऱ्यावर, सगळे ज्यांना मावशी म्हणतात, त्यांचे शिलाईचे दुकान आहे. त्यांनी मशीनवर बसल्या बसल्या तो ब्रेकचा आवाज ऐकला होता. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या पेंटरकडे गेल्या. त्याने रंगाच्या पिंपाचे झाकण घेतले, लाल रंगवले, त्यावर पांढरी अक्षरे काढली आणि मागे झाडूचा दांडा ठोकला. अशी मी जन्मले.

“अक्षर ठळक काढलंस ना? लांबून दिसायला हवं,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, झोपेत गाडी चालवणाऱ्यालाही दिसेल,” पेंटर म्हणाला.

मग अकरा वर्षे, सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास, मावशी मला घेऊन रस्त्यात उभ्या राहत. त्यांनी मला उंच धरले, की भले मोठे ट्रक फुसफुस करत जागच्या जागी थांबत. मुले ओळीने पलीकडे जात. मुख्याध्यापक बाईंनी एकदा सगळ्या शाळेसमोर माझे कौतुक केले. त्या दिवसापासून मी जरा हवेतच होते. एवढाले ट्रक मला घाबरतात, ही काय साधी गोष्ट आहे!

आणि मग तो आला. उंच, नवाकोरा, तीन रंगांच्या डोळ्यांचा सिग्नल. त्याच्या पोटात चालणारा एक हिरवा माणूसही होता. बटण दाबले की काही वेळाने तो माणूस चालू लागे आणि गाड्या थांबत. मुले बटण दाबायला भांडू लागली. “आता तुम्ही आराम करा, मावशी,” बाई म्हणाल्या. मावशींनी मला दुकानात, इस्त्रीच्या टेबलामागे, खिळ्याला टांगले.

तिथून तो मला समोरच दिसे. मित्रांनो, माझा कसा जळफळाट होई, काय सांगू! न हलता, न बोलता उभा राहतो आणि सगळ्यांच्या तोंडी याचेच नाव! एकदा तर मावशींनी स्वतःच्या फडक्याने त्याच्या बटणावरची धूळ पुसली. माझ्यावर बोटभर धूळ साचली होती, ती त्यांना दिसली नाही. मी मनात म्हणायचे, ‘मेल्या, तुझे डोळे मिटोत. मग कळेल सगळ्यांना माझी किंमत.’

एका सकाळी, शाळा भरायच्या वेळी, त्याचे तिन्ही डोळे खरेच मिटले. मी खिळ्यावर आनंदाने डुलले.

तेवढ्यात चिमणी आली. ही पहिलीतली मुलगी, सगळे तिला चिमणीच म्हणत. तिचा डावा पाय जन्मापासून अधू, त्यामुळे ती सावकाश चाले. तिने बटण दाबले. वाट पाहिली. हिरवा माणूस काही येईना. लाल दिवाही दिसेना, म्हणून ती निघाली. ती मधोमध पोचली आणि वळणावरून टेम्पो आला.

मावशींनी हातातला कपडा टाकला आणि त्या धावल्या. मला घ्यायलाही थांबल्या नाहीत. गळ्यात मोजपट्टी, दोन्ही हात पसरलेले, अशा त्या टेम्पोपुढे उभ्या राहिल्या. टेम्पो करकचून थांबला. मध्ये वीतभर अंतर उरले होते.

मी खिळ्यावर गार झाले. हेच मागितले होते ना मी? आणि गाडी थांबली होती ती मावशींना पाहून. मी तिथे नव्हतेही. मग अकरा वर्षे गाड्या कोणाला पाहून थांबत होत्या?

त्यानंतर दोन दिवस मावशी मला घेऊन पुन्हा चौकात उभ्या राहिल्या. पण मला फुशारकी मारावीशी वाटली नाही. तिसऱ्या दिवशी सिग्नलचे इंजिनिअर आले आणि त्यांनी दुपारपर्यंत तो दुरुस्त केला. ते निघणार, तोच मावशींनी त्यांना गाठले. शेजारी चिमणी उभी होती.

“साहेब, हिच्याबरोबर एकदा पलीकडे जाऊन या.”

“मावशी, अजून तीन चौक बघायचेत मला.”

“पंधरा सेकंदांचं तर काम. तेवढाच वेळ ठेवलाय ना तुम्ही?”

इंजिनिअरांनी तिचा हात धरला. हिरवा माणूस चालू लागला, तेही चालू लागले. रस्ता निम्मा झाला आणि हिरवा माणूस गेला. दोन्हीकडून हॉर्न वाजू लागले. चिमणीने त्यांचे बोट घट्ट आवळले. कसेबसे पलीकडे पोचल्यावर त्यांनी कपाळ पुसले.

“हिला तीस सेकंद लागतील,” ते म्हणाले.

“पस्तीस,” चिमणी म्हणाली. “दप्तर असलं की पस्तीस.”

त्यांनी तिथेच सिग्नलची पेटी उघडून पस्तीस सेकंद केले. माझ्या पोटात पुन्हा दुखले. मावशी भांडल्या त्याही या सिग्नलसाठीच! पण मग त्यांनी मला पुढे केले. “दिवा गेला तर ही हाताशी हवी.” इंजिनिअरांनी सिग्नलच्याच खांबाला एक हूक बसवला आणि मला तिथे अडकवले. ज्याचे डोळे मिटावेत असे म्हटले, त्याच्याच खांद्यावर आता माझे घर आहे. दिवा बंद पडला, की दुकानातून मावशी येतात किंवा एखादी आई पुढे होते आणि मला उचलते.

हेवा संपला का? खरे सांगते, सगळा नाही. मुले त्याचे बटण दाबतात तेव्हा अजून थोडे टोचते. पण तो बंद पडावा असे आता वाटत नाही.

मित्रांनो, हिरवा माणूस दिसला तरी दोन्हीकडे पाहूनच पाऊल टाका. दिवा बंद दिसला, तर जवळच्या मोठ्या माणसाला सांगा. माझी धूळही कधीतरी पुसा, मला बरे वाटेल. आणि उद्या तुम्ही गाडी चालवाल, समोरून एखादी चिमणी सावकाश रस्ता ओलांडत असेल, मागचे हॉर्न वाजवत असतील. वाजवू देत त्यांना. तिला पलीकडे पोचू द्या.